छातीवरची पट्टी, पोटावरची पट्टी : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

आईचं म्हणणं जुनंच आहे : "घोरण्याचं काही नाही गं, त्याची सवय झाली. पण मधेच आवाज बंद होतो ना, तेव्हा मला दचकून जाग येते." बाबांच्या मते तिला स्वप्नं पडतात. दोघांच्या भांडणात साक्षीदार हवा, म्हणून हा उद्योग. अंगाला चिकटणारी, ताणली जाणारी पट्टी करायची आणि रात्रभराचा श्वास नोंदवायचा.

किती बारकाईने मोजायचं हे आधीच ठरवून ठेवते, नाहीतर मी दशांशांच्या मागे लागेन. आरामात असलेला मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. झोपेत श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर डॉक्टर त्याला ॲप्निया म्हणतात. असे थांबे आणि अर्धवट पडलेले श्वास मिळून तासाला किती, ते मोजतात. ५ च्या आत असेल तर सहसा ठीक, १५ पासून मध्यम, ३० पासून गंभीर. म्हणजे मला किती लिटर हवा आत गेली हे नको, १० सेकंदांची सपाट रेघ ओळखता आली की पुरे. (हे वाक्य नंतर मला चांगलंच भोवलं. खोडत नाही, राहू दे.)

नियम एकच, आणि तो पहिल्या पानावरच लिहून ठेवते : पट्टी अंगावर असताना चार्जर लावायचा नाही. बॅटरी म्हणजे बॅटरीच.

६ जानेवारी

बाजारातले छातीचे पट्टे घट्ट असतात, बाबा ते अर्ध्या रात्रीत काढून फेकतील. म्हणून कातडीइतकं मऊ काहीतरी हवं. आकडे मांडले तेव्हा अंतर केवढं आहे ते कळलं. सिलिकॉनचा, म्हणजे चिपच्या स्फटिकाचा, ताठरपणा दीडशे गिगापास्कलच्या आसपास. कातडीचा काही शे किलोपास्कल. पाच-सहा शून्यांचा फरक! मी वापरणार आहे ते सिलिकोन रबर मात्र शंभर किलोपास्कलच्याही खाली आहे. नावं सारखी वाटली तरी सिलिकॉन आणि सिलिकोन यांच्यात दगड आणि लोणी इतकं अंतर.

ताठ पदार्थही पातळ केला की वाकतो, ही दुसरी वाट. वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाने बदलतो : जाडी निम्मी केली की एक अष्टमांश. अमेरिकी संशोधक जॉन रॉजर्स यांच्या गटाने २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जे दाखवलं ते याच हिशेबावर उभं होतं. नागमोडी धातूच्या तारा, अतिशय पातळ सिलिकॉन, आणि सगळं मिळून कातडीशी जुळणारा मऊपणा. त्यांच्याकडे चिप बनवायच्या कारखान्यातली यंत्रणा होती. माझ्याकडे जेवणाचं टेबल आहे, आणि तेही आठ वाजेपर्यंत मोकळं करून द्यायचं असतं. तर मऊ पदार्थाचाच रस्ता.

११ जानेवारी

पहिली पट्टी ओतली. दोन भाग सारख्या वजनाने मिसळायचे, बुडबुडे बसू द्यायचे, चार तासांत जमतं असं डब्यावर लिहिलंय. बारा तास झाले तरी वरचा थर मधासारखा चिकट. वजनात चूक असेल म्हणून दुसरी ओतली. तीही तशीच.

१२ जानेवारी

दोष माझ्या हातमोज्यांचा निघाला. हे सिलिकोन प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होतं, आणि गंधक दिसलं की प्लॅटिनम कामातून जातं. लॅटेक्सच्या हातमोज्यांत गंधक असतं. मी साचा पुसला तो त्याच हातांनी. व्हिनाइलचे मोजे घेतले, साचा धुतला, चार तासांत पट्टी सुटून आली. दोन दिवस आणि दोन कप सिलिकोन वाया.

१५ जानेवारी

सेन्सर क्रमांक एक. सिलिकोनमध्ये काजळीसारखी बारीक कार्बन पावडर, वजनाच्या दहा टक्के, मिसळून वीजवाहक पट्टी केली. कल्पना सोपी : ताणली की कार्बनचे कण दूर जातात, विजेला होणारा रोध वाढतो, तो मोजायचा. (मास्क लावूनच मिसळावी. तरी नाकपुड्या काळ्या झाल्या आणि टेबलावर जे डाग पडले त्यांचं मी काय करणार आहे हे आईने दोनदा विचारलं.)

मोजपट्टीवर ताणून पाहिली. शून्यावर १८ किलोओहम, दहा टक्के ताणल्यावर ३१, परत शून्यावर २४. पाच मिनिटं तशीच सोडली तेव्हा हळूहळू १९. म्हणजे पट्टीला आठवण आहे : आत्ता किती ताणली आहे यापेक्षा थोड्या वेळापूर्वी किती ताणली होती हेच ती जास्त सांगते.

हेही चाललं असतं, कारण मला फक्त मोजदाद हवी आहे. पण त्याहून वाईट एक खोड निघाली. सोडताना रोध सरळ उतरत नाही, आधी थोडा चढतो आणि मग उतरतो. ताणताना तुटलेल्या कणांच्या साखळ्या सोडतानाही पुन्हा तुटतात-जुळतात, त्याचा हा परिणाम. एका श्वासाला दोन उंचवटे. मिनिटाला १५ श्वासांचे ३० झाले. या मापाने मी धावत्या कुत्र्यासारखी धापा टाकत होते.

१९ जानेवारी

रोध सोडला. कपॅसिटन्सकडे वळले, पाठ्यपुस्तकातल्या धारितेकडे : दोन वाहकांमध्ये किती वीजभार साठू शकतो ते, पिकोफॅरडमध्ये मोजलेलं. दोन वाहक थर, मध्ये साधं सिलिकोन. याचं गणित इतकं सुबक आहे की ते इथे मांडल्याशिवाय राहवत नाही. धारिता म्हणजे क्षेत्रफळ भागिले मधली जाडी, गुणिले पदार्थाचा स्थिरांक. रबराची पट्टी लांबीने ताणली की रुंदी आणि जाडी दोन्ही एकाच प्रमाणात आकसतात. रुंदी वर, जाडी खाली, दोन्ही एकमेकींना छेदतात, उरते फक्त लांबी. पट्टी ५ टक्के लांबली की धारिता ५ टक्के वाढते. सरळ रेघ.

आणि खरी मौज पुढेच आहे. वाहक थर म्हणून मी तीच खोडकर कार्बनची पट्टी वापरली तरी चालते. तिचा रोध हवा तसा वरखाली होऊ दे, धारिता फक्त आकारावर ठरते. अट एवढीच की भार भरायला पुरेसा वेळ मिळायला हवा. माझी मोजणारी चिप, एफडीसी१००४, भार सेकंदाला २५ हजार वेळा आत-बाहेर ढकलते, म्हणजे अर्ध्या फेरीला २० मायक्रोसेकंद. भरायला लागणारा वेळ रोध आणि धारिता यांच्या गुणाकारावर ठरतो : २० किलोओहम गुणिले ५० पिकोफॅरड म्हणजे १ मायक्रोसेकंद. भरपूर सवड आहे. रोध दहापट झाला तर मात्र गडबड.

पट्टी : ६० मिलिमीटर लांब, १० रुंद, मधला थर ०.३ मिलिमीटर. कागदावर हिशेब साधारण ५० पिकोफॅरड, प्रत्यक्षात मोजले ४६. कडा वाकड्या कापल्या गेल्या, त्या मानाने उत्तमच.

२० जानेवारी

ताणून-सोडून शंभर वेळा. परत येताना रेघ जवळजवळ त्याच वाटेने. एका ताणाला एकच उंचवटा. आज एवढंच, पण झोप छान लागेल.

२६ जानेवारी

टेबलावर शहाणी असलेली पट्टी माझ्या छातीवर वेडी झाली. हात जवळ नेला तरी आकडा उडी मारतो. साहजिक आहे : शरीर म्हणजे खारट पाण्याचा मोठा वाहक. बाहेरचा थर आणि माझी कातडी मिळून आणखी एक कपॅसिटर तयार होतो, आणि कपडा जरा हलला की तो बदलतो. दोन-अडीच पिकोफॅरडचा श्वास शोधायचा आणि हाताच्या हालचालीने पाच पिकोफॅरड हलायचे.

तीन वाहक थर केले. संकेत मधल्या थरावर, वरचा आणि खालचा दोन्ही ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला जोडलेले. मधला थर सँडविचमध्ये बंद, बाहेरचं जग त्याला दिसत नाही. पण आता धारिता दुप्पट, ९०-१०० च्या घरात. ही चिप सुमारे ९७ पिकोफॅरडपर्यंतचा कायमचा भाग वजा करू शकते आणि त्याच्या वर-खाली १५ मोजते, म्हणजे मी अगदी काठावर. मधले थर ०.४ मिलिमीटरचे केले, ७० वर आले. आता हात फिरवा, टाळ्या वाजवा, रेघ ढिम्म.

तारेची हालचालही पिकोफॅरडमध्ये दिसते, हे जाता जाता. तार दहा सेंटिमीटरच्या आत ठेवली आणि तिलाही शील्ड दिलं.

२ फेब्रुवारी

या आठवड्यात सात पट्ट्या मेल्या. सातही एकाच जागी : जिथे मऊ रबर संपतं आणि तांब्याची तार सुरू होते तिथे.

रबराला डाख बसत नाही हे उघडच आहे. तार रबरात पुरून ठेवली तर दोन-तीनशे ताणांत भोवतालचं रबर फाटून तार मोकळी होते. वाहक गोंद लावला तर तो कडक होतो आणि त्याच्या कडेलाच चीर जाते. मी प्रत्येक वेळी जोड आणखी भक्कम करत गेले आणि प्रत्येक वेळी तुटण्याची जागा फक्त दोन मिलिमीटर सरकली. भक्कम भाग ताणला जात नाही, म्हणून त्याच्या वाट्याचा सगळा ताण शेजारच्या मऊ भागावर येतो.

शेवटी पायऱ्या केल्या. रबर ओलं असतानाच त्यात चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉन कापडाची चिंधी अर्धी बुडवली. सिलिकोन धाग्यांमध्ये शिरून तिथेच जमतं. कापड रबरापेक्षा ताठ पण तारेपेक्षा कितीतरी मऊ. चिंधीची बुडालेली कड सरळ न कापता करवतीसारखी दातेरी कापली, म्हणजे ताण एका रेषेवर जमत नाही. कापडाच्या कोरड्या भागाला टिचबटण. ईसीजीच्या इलेक्ट्रोडलाही टिचबटणच असतं, इतक्या वर्षांत त्याहून बरं काही सापडलेलं दिसत नाही. बटणाखाली कातडीकडच्या बाजूला पातळ फिल्मचा तुकडा, तोही गोल कोपऱ्यांचा.

दोन हजार ताण झाले. अजून जिवंत आहे.

या विषयावर जे वाचायला मिळतं त्यात नव्या पदार्थांचं कौतुक पानोपानी असतं आणि जोड कसा केला ते एका ओळीत उरकलेलं असतं. माझ्या वहीत उलटं झालंय.

९ फेब्रुवारी

कातडीची बाजू. आठ तास लावून झोपले. सकाळी पट्टीखाली दमट पांढुरकी कातडी आणि कडेने लाल रेघ. चिकटपट्टी कातडीच्या सर्वांत वरच्या मृत थराला धरते, तो अवघा १०-२० मायक्रोमीटर जाड आणि रोज झडणारा. ज्याला आपण चिकटलो तोच निघून चाललेला, वर घाम.

बदल : ॲक्रिलिकच्या जागी सिलिकोनचा मऊ चिकट थर (पकड कमी, पण निघताना केस आणि कातडी ओढत नाही), फक्त दोन टोकांना. मधला भाग मोकळा, खालून हवा. चिकट भागाला एक मिलिमीटरची भोकं पाडली. आता सकाळी फक्त फिकट ठसा राहतो, अर्ध्या तासात जातो. बाबांची कातडी माझ्यापेक्षा नाजूक आहे, त्यांच्या दंडावर आधी नुसता चिकट तुकडा एक दिवस लावून बघायचा.

१५ फेब्रुवारी

छातीवर, उजव्या बाजूला, खालच्या बरगड्यांवर आडवी. सेकंदाला शंभर नोंदी, दहा-दहाची सरासरी. शांत श्वासात पट्टी जेमतेम दोन टक्के ताणली जाते, तरी लाटा इतक्या स्वच्छ की दादा म्हणाला, "हे तू पेन्सिलीने काढलंयस." बोलताना लाटा तुटक, हसताना करवत, श्वास रोखला की सपाट. सरासरी घेण्याआधीच्या नोंदींत लाटेवर बारीक थरथर दिसते, ती हृदयाची असावी. तिच्या मागे लागायचं नाही असं स्वतःला बजावलं.

प्रकल्प संपला असं आज रात्री वाटतंय.

१६ फेब्रुवारी

संपलेला नाही.

दादाने सहज विचारलं, "बाबांचा श्वास थांबतो म्हणजे नक्की काय थांबतं?" उत्तर द्यायला गेले आणि अडकले. घोरणाऱ्या माणसाचा श्वास बहुतेक वेळा थांबतो तो घशात वाट मिटल्यामुळे. मेंदू हुकूम सोडतच असतो, छाती-पोट जोर लावतच असतात, हवा मात्र जात नाही. श्वासाचा हुकूमच न सुटणं हा वेगळा प्रकार.

लगेच करून पाहिलं. तोंड मिटलं, नाक चिमटीत धरलं आणि आत ओढायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, पाचदा. हवा शून्य. पडद्यावर पाच सुबक लाटा.

म्हणजे दीड महिना खपून मी जे केलं ते श्वासासाठीचा खटाटोप मोजतं. हवा गेली की नाही याची त्याला गंधवार्ता नाही. बाबांच्या छातीवर ही पट्टी लावली असती तर रात्रभर नियमित लाटा आल्या असत्या, मी त्या आईला दाखवून "बघ, काही होत नाही" म्हटलं असतं, आणि बाबा खूश झाले असते. पट्टी खराब असती तर निदान शंका तरी आली असती. चांगली होती म्हणून तिच्यावर विश्वास बसला असता. हे डोक्यात आल्यावर जरा वेळ नुसती बसून राहिले.

२२ फेब्रुवारी

आठवडाभर वाचन. १९६७ मध्ये कोनो आणि मीड या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की श्वासाच्या दृष्टीने धड म्हणजे दोन हलणारे भाग : बरगड्यांचा पिंजरा आणि पोट. दोघांच्या हालचाली योग्य प्रमाणात मिळवल्या की आत-बाहेर गेलेल्या हवेचा अंदाज येतो. झोपेच्या तपासणीत दोन पट्टे बांधतात ते यासाठीच. वाट मोकळी असली की दोन्ही एकदमच फुगतात. वाट मिटली असताना जोर लावला की छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली सरकून पोट पुढे येतं आणि छाती आत ओढली जाते. बेरीज जवळपास शून्य.

तर दुसरी पट्टी हवी. चिपला चार वाहिन्या आहेत, त्यातल्या तीन बेकार बसल्या होत्या. साचे तयार आहेत, जोड कसा करायचा ते माहीत आहे. दोन दिवसांचं काम.

१ मार्च

पट्टी दुसरी नाभीच्या जरा वर. आता दोन्हींचा मेळ घालायचा. एक पिकोफॅरड छातीचा आणि एक पिकोफॅरड पोटाचा म्हणजे सारखीच हवा नव्हे. त्यासाठीची युक्ती जुनी आहे आणि मजेशीर आहे : श्वास रोखून, घसा बंद ठेवून, पोट आत-बाहेर करायचं. हवा तेवढीच आहे, फक्त पोटातून छातीत आणि छातीतून पोटात ढकलली जाते. ज्या गुणकाने बेरीज सपाट होते तो आपला गुणक. माझा १.७ आला. कुशीवर वळल्यावर २.३! म्हणजे गुणक माणसाचा नाही, माणूस कसा पडला आहे त्याचा आहे. लिटर मोजायच्या फंदात न पडण्याचं हे आणखी एक कारण.

लिटर सोडून देते. छाती आणि पोट एकत्र चाललेत की एकमेकांविरुद्ध, एवढंच बघायचं. त्याला गुणक लागत नाही.

नाक बंद करून पुन्हा तीच परीक्षा. या वेळी पोटाची रेघ वर, छातीची खाली. दादाने टाळी वाजवली. रेघ ढिम्म राहिली, हेही बरंच झालं.

८ मार्च

माझ्यावर पूर्ण रात्र. कूस बदलली की दोन्ही रेघा उडी मारून नव्या पातळीवर बसतात, त्यात वीस-तीस सेकंद वाया जातात. तेवढा भाग खूण करून सोडून द्यायचा. पालथी झोपल्यावर पोटाची पट्टी दबून जवळजवळ मुकी होते. बाबा पालथे झोपत नाहीत, म्हणून हा प्रश्न मी निर्लज्जपणे टाळतेय.

१५ मार्च

बाबांची रात्र. दंडावरचा तुकडा ठीक गेला होता. पट्ट्या लावताना त्यांनी दोनदा विचारलं, शॉक तर नाही ना बसणार, आणि एकदा, हे सगळं तुझ्या आईने सांगितलं ना. सोबत बोटाला बाजारातला ऑक्सिमीटर, नोंद ठेवणारा. ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात जपानमध्ये ही युक्ती काढली, लाल आणि अवरक्त प्रकाशाची. माझ्या पट्ट्यांना जे दिसत नाही ते त्याला दिसतं, फक्त उशिरा : हवा थांबली की रक्तातला ऑक्सिजन उतरलेला बोटापर्यंत कळायला काही सेकंद जातात.

६ तास ४० मिनिटांची नोंद मिळाली. पहाटे साडेतीनला छातीच्या पट्टीचं एक टोक सुटलं होतं, पण बटण टिकलं.

१६ मार्च

दिवसभर रेघा पाहिल्या. पहिला दीड तास अगदी शांत. मग उताणे झाल्यानंतरचा भाग : पोट वर, छाती खाली, पोट वर, छाती खाली, २२ सेकंद. नंतर एक मोठी लाट, दोन्ही रेघा एकदम वर. त्यानंतर ऑक्सिमीटरची रेघ खाली. पुन्हा तेच. असं पुढच्या तासात ११ वेळा मोजलं, कुशीवर वळल्यावर फक्त दोनदा. नुसती छातीची रेघ झाकून पाहिली, तर या सगळ्यात मला काहीच वावगं दिसलं नसतं. फक्त लाटा जरा लहान.

घरी केलेल्या दोन रबरी पट्ट्यांवरून तासाचा आकडा लिहायचा नाही असं ठरवलं. नाकाशी हवेचा प्रवाह मोजलेला नाही, झोप होती की जाग हेही माहीत नाही. आकडा लिहिला की तो निदानासारखा वाटू लागतो. त्या ११ जागांचे चित्रठसे काढून ठेवले, वेळेसकट.

१७ मार्च

बाबांना दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ पाहत होते. मग आईला म्हणाले, "अगं, हे बघ, तू म्हणत होतीस ते." आई पडद्याकडे न बघताच म्हणाली, "मला कशाला दाखवता? मी रोज ऐकते."

२० मार्च

डॉक्टरांनी चित्रं पाहिली, पट्टी बोटांनी ताणून पाहिली, आणि झोपेची रीतसर तपासणी लिहून दिली. पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत उताणं झोपायचं नाही, असं बाबांना सांगितलंय. आईने त्यांच्या पाठीशी लोड लावून ठेवलाय.

माझ्याकडची कामं : छातीच्या पट्टीचं सुटलेलं टोक, चिकट भाग पाच मिलिमीटर रुंद करायचा. पालथं झोपण्याचा प्रश्न. आणि तपासणीच्या रात्री त्यांच्या पट्ट्यांबरोबर माझ्याही लावू देतील का, ते विचारायचं राहिलंय. उद्या फोन करते.